फाउंटन पेन रोज वापरताना या चुका टाळा

बॉलपेनवर वळण लागलेला हात फाउंटन पेनकडे वळतो, तेव्हा पहिले काही दिवस उत्साहात जातात. पुढे कधी पेन मधेच अडते, कधी बोटे निळी होतात, कधी पानाच्या मागच्या बाजूला अक्षरे उमटतात, आणि शेवटी ते पेन टेबलाच्या खणात जाऊन पडते. अशा खणांतून बाहेर निघणाऱ्या पेनांपैकी खरोखर बिघडलेली पेने फार थोडी असतात, असे माझे ठाम मत आहे. दोष बहुतेक वेळा शाईत, कागदात किंवा हाताच्या सवयीत असतो, आणि तो शोधण्याऐवजी आपण निबेला पकडून वाकवू किंवा घासू लागतो. चांगल्या पेनचे खरे नुकसान तिथे होते.

निदान न करता उपाय करणे

शाई निबेच्या टोकापर्यंत येते ती केशाकर्षणाने. निबेखाली जी जीभ असते तिच्यात अत्यंत बारीक चरे कोरलेले असतात; त्यांतून शाई पुढे सरकते आणि जितकी शाई बाहेर जाते तितकी हवा आत शिरते. न्यूयॉर्कमध्ये विमा व्यवसायात असलेल्या लुईस वॉटरमन यांनी 1884 मध्ये ज्या पेनचे पेटंट घेतले, त्याचे मर्म या चऱ्यांतच होते, आणि आजचे स्वस्तातले स्वस्त पेनही त्याच तत्त्वावर चालते. म्हणजे शाईची वाट अडली तरी पेन थांबते आणि हवेची वाट अडली तरी थांबते.

पेन अडले की निबेचे टोक स्वच्छ पाण्यात क्षणभर बुडवून लिहून पाहावे. फिकट का होईना पण दोन-तीन ओळी उमटल्या आणि मग लिहिणे थांबले, तर निब ठीक आहे आणि अडथळा मागे, म्हणजे जिभेत किंवा कन्व्हर्टरमध्ये (शाई ओढून साठवणाऱ्या, काढता येणाऱ्या नळीत) आहे. कन्व्हर्टरच्या मागच्या टोकाला शाई चिकटून राहिल्यामुळेही असे होते. तेव्हा निब खाली धरून बोटाने हलकी टिचकी मारली तरी पुरते. पाण्यात बुडवूनही काहीच उमटले नाही, तर कागद बदलून पाहावा, आणि तरीही काही झाले नाही तरच निबेकडे वळावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. शाई, कागद आणि पेन तिन्ही एकदम बदलणाऱ्याला दोष कुणाचा होता हे कधीच कळत नाही.

नवे कोरे पेन पहिल्याच दिवशी अडत असेल, तर आत कारखान्यातल्या यंत्रांवरचे तेल राहिलेले असण्याची शक्यता मोठी असते. कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या द्रवाचा एक थेंब टाकून ते पाणी पेनमधून चार-पाच वेळा खेचावे आणि सोडावे, मग साध्या पाण्याने धुऊन काढावे. शाई भरण्याआधी हे करणे खरे तर प्रत्येक नव्या पेनचा पहिला संस्कार मानावा.

जोर देऊन लिहिणे

बॉलपेनमधली शाई घट्ट असते आणि टोकावरची गोळी फिरवण्यासाठी दाब द्यावाच लागतो. तो दाब बोटांत इतका मुरलेला असतो की फाउंटन पेन हातात आल्यावरही तो सुटत नाही. येथे मात्र पेनचे स्वतःचे वजनच पुरेसे असते. जोर दिला की निबेच्या चिरेच्या दोन्ही बाजूंची पाती फाकतात. थोडा वेळ रेघ जाड येते, शाई भसाभस उतरते, आणि पाती एकदा कायमची फाकली की चिरेतला शाईचा धागा टोकापर्यंत पोचतच नाही. पेन सुकते म्हणून लिहिणारा आणखी जोर देतो आणि पाती आणखी फाकतात. हा जोर मोडण्याचा उत्तम उपाय म्हणजे काही दिवस एकाच कागदावर, खाली पॅड किंवा वही न ठेवता, टणक टेबलावर लिहिणे. मऊ गादी नसली की हात आपोआप हलका होतो.

दुसरी सवय पेन बोटांत फिरवण्याची. बॉलपेनला वर-खाली अशी बाजू नसते, निबेला असते. निबेची चीर आकाशाकडे आणि जीभ कागदाकडे राहिली पाहिजे. पेन किंचित जरी कलले तरी एक पाते कागदावर आणि दुसरे हवेत राहते, आणि रेघ तुटते. ‘पेन मधेच सोडते’ ही तक्रार घेऊन येणाऱ्याने आधी आपली पकड आरशात पाहावी तशी बारकाईने पाहावी.

देवनागरी लिहिणाऱ्यांनी निब निवडताना एक विचार अवश्य करावा. आपल्या लिपीत जोडाक्षरे, रफार, उकार आणि वेलांट्या एकमेकांच्या जवळ येतात आणि वर शिरोरेषाही असते. सामान्य आखीव वहीच्या ओळीत मध्यम जाडीची निब वापरली, तर ‘द्ध’, ‘ष्ट’, ‘क्ष’ यांची पोटे शाईने भरून जातात आणि अक्षर वाईट आहे असा गैरसमज होतो. पायलट, सेलर, प्लॅटिनम या जपानी कंपन्यांच्या ‘एफ’ (फाइन, म्हणजे बारीक) निबा जर्मन लामीच्या ‘एफ’ निबेपेक्षा स्पष्टपणे बारीक असतात, त्यामुळे केवळ ‘एफ’ हे अक्षर वाचून निब मागवू नये. तिरप्या कापलेल्या निबेच्या बाबतीत तर अधिकच सावध राहावे. बोरूला देवनागरीसाठी जी कत, म्हणजे टोकाचा तिरपा काप, दिली जाई ती रोमन लिपीच्या कतेच्या उलट बाजूला कलती असे. रोमनसाठी तिरपी केलेली निब मराठी लिहिताना जाड-बारीकपणा भलत्याच ठिकाणी आणते.

चुकीची शाई, आणि बरोबर शाईत पाणी

चित्रकलेची जलरोधक काळी शाई फाउंटन पेनमध्ये भरणे ही एकच चूक अशी आहे की जिच्यातून पेन बहुधा वाचत नाही. त्या शाईत काजळीचे कण आणि ते कागदावर धरून ठेवणारी लाख असते. ती टाकासाठी आणि ब्रशसाठी बनवलेली असते. जिभेच्या चऱ्यांत ती सुकली की पाण्याने विरघळत नाही. दुकानदाराने ‘पेनात चालेल’ म्हटले तरी बाटलीवर फाउंटन पेनसाठी असल्याचा उल्लेख असल्याखेरीज कोणतीही शाई भरू नये. रबरी शिक्क्याची शाईही अर्थातच वर्ज्य.

हिराकस आणि मायफळातले टॅनिन यांपासून होणारी पारंपरिक निळी-काळी शाई मात्र वेगळी. ती कागदावर हवेच्या संपर्काने काळी पडत जाते आणि पाण्याने जात नाही, म्हणून दस्तऐवजांसाठी तिचा शतकानुशतके वापर झाला. फाउंटन पेनसाठी केलेल्या तिच्या सौम्य शाया आजही मिळतात आणि त्या निर्धास्तपणे वापराव्यात, पण पेनात आठवडेच्या आठवडे सुकू देऊ नयेत. दर महिन्याला एकदा पेन धुण्याची शिस्त नसेल, तर पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची साधी शाई बरी.

शाईत पाणी घालण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे आणि तिला कारणही आहे. शाईची भुकटी किंवा गोळी पाण्यात विरघळवून घरीच शाई करण्याचा काळ फार मागचा नाही, दि. प. दांडेकर यांनी 1931 मध्ये मुंबईत जो व्यवसाय सुरू केला आणि जो पुढे कॅम्लिन म्हणून घरोघरी पोचला, त्याची सुरुवात अशाच भुकटी आणि गोळ्यांपासून झाली. आजची बाटलीतली शाई मात्र मापून बनवलेली असते. तिच्यात बुरशी रोखणारे द्रव्य ठराविक प्रमाणात असते, आणि नळाचे पाणी घालून आपण ते प्रमाण बिघडवतो. पावसाळ्यात अशा बाटलीत पांढरट तंतू दिसू लागतात, आंबूस वास येतो. ती बाटली गाळून वाचवण्याचा मोह टाळावा आणि सरळ टाकून द्यावी, कारण तिच्यातली बुरशी एका पेनमधून दुसऱ्या पेनमध्ये आणि तिथून दुसऱ्या बाटलीत जाते. पेनमध्ये उरलेली शाई परत बाटलीत ओतू नये, तेही याच कारणाने. दोन कंपन्यांच्या शाया एकत्र करण्याचा प्रयोग करायचाच असेल, तर तो आधी काचेच्या छोट्या कुपीत करावा आणि दोन दिवस ठेवून तळाशी गाळ बसतो का ते पाहावे. एक शाई आम्लधर्मी आणि दुसरी अल्कधर्मी असली तर तो बसू शकतो.

कागदाचे वजन पाहून वही घेणे

हा गैरसमज सर्वांत पक्का आहे, म्हणून त्यावर थोडे थांबले पाहिजे. जाड कागद म्हणजे चांगला कागद, आणि शंभर जीएसएमच्या कागदावर शाई फुटणारच नाही, असे सर्रास सांगितले जाते. जीएसएम हे केवळ दर चौरस मीटरचे वजन आहे. टोमोए रिव्हर हा मूळचा जपानी कागद अवघ्या 52 जीएसएमचा, इतका पातळ की मागचे लिखाण आरपार दिसते, तरीही त्यावर रेघ धारदार राहते आणि शाई पलीकडे झिरपत नाही. उलट निमंत्रणपत्रिकेसारख्या जाडजूड पण सच्छिद्र कागदावर तीच शाई कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते.

फरक पडतो तो कागदाला दिलेल्या खळीने आणि घोटाईने. जुन्नरचा आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा हातकागद मराठ्यांच्या दप्तरांत वापरला गेला, तो अशाच संस्कारांतून जात असे: वाळलेल्या तावाला खळ लावायची आणि मग तो गुळगुळीत दगडाने घोटायचा, म्हणजे तंतूंमधली भोके बुजतात आणि शाई वरच राहून सुकते. आज हेच काम कारखान्यात रसायने आणि रुळ करतात. कमी खर्चात बनवलेल्या वहीत हा संस्कार तोकडा असतो, आणि तो वेष्टनावर लिहिलेला नसतो. म्हणून दुकानात वहीच्या शेवटच्या पानावर, विचारून, आपल्याच पेनने दोन शब्द लिहावेत, एक ठिपका देऊन पेन दोन सेकंद तिथेच टेकवावे आणि पान उलटून पाहावे. पानाच्या दोन्ही बाजूंवर लिहून पाहणेही आवश्यक आहे, कारण कागदाच्या दोन बाजू नेहमी सारख्या नसतात.

घरात आधीच असलेल्या वह्या संपवायच्या असतील, तर कागद बदलण्याऐवजी बारीक निब आणि थोडी कोरडी उतरणारी शाई अशी जोडी लावावी; अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. पानाच्या वरच्या भागात पेन झकास चालते आणि खाली आल्यावर अडखळू लागते, तेव्हा दोष पेनचा नसून तळहाताचा असतो. घाम, खोबरेल तेल किंवा हाताला लावलेले क्रीम पानाच्या खालच्या भागाला लागते आणि त्या तेलकट थरावर शाई बसत नाही. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत तर हे हमखास होते. हाताखाली टिपकागदाचा किंवा साध्या कागदाचा तुकडा ठेवावा आणि तो लिहीत खाली सरकवत न्यावा.

कोकणातल्या पावसाळ्यात हाच कागद ओलावा शोषून घेतो आणि एरवी चांगल्या वागणाऱ्या वहीवरही शाई फुटू लागते. वह्या उघड्या फळीवर न ठेवता बंद कपाटात, शक्यतो सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात. विदर्भाच्या उन्हाळ्यात याच्या नेमके उलटे घडते: विचार करण्यासाठी पेन मिनिटभर उघडे धरले तरी टोक सुकते. तिथे टोपण लावून विचार करण्याची सवय हाच उपाय आहे.

ड्रॉपरने भरायचे पेन गळते तेव्हा

आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या आणि इतर ठिकाणच्या कारागिरांनी एबोनाइटमध्ये, म्हणजे कडक केलेल्या रबरात, घडवलेली, नळीतच थेट शाई भरायची पेने ही आपल्या देशाची खास परंपरा आहे आणि ती रोजच्या वापरात असावीत असे मला मनापासून वाटते. त्यांच्याविषयीची मुख्य तक्रार म्हणजे लिहिता लिहिता पडणारा टपोरा थेंब. नळीतली शाई एक-तृतीयांशावर आली की उरलेली जागा हवेने भरते. हाताच्या उबेने ती हवा प्रसरण पावते आणि शाईला पुढे ढकलते. म्हणून ही पेने तळाला जाईपर्यंत न वापरता वेळीच भरावीत. आट्यांमधून शाई पाझरत असेल, तर त्यांना सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ थर द्यावा. व्हॅसलीन लावू नये, ते रबराच्या कड्यांना खराब करते. विमानप्रवासात कोणतेही पेन पूर्ण भरलेले किंवा पूर्ण रिकामे ठेवावे, आणि निब वरच्या बाजूला राहील असे खिशात लावावे.

धुण्यातल्या चुका

गरम पाणी, स्पिरिट आणि नेलपॉलिश काढण्याचे द्रव या तिन्हींपासून पेन दूर ठेवावे. गरम पाण्याने एबोनाइटचा रंग उडतो, आणि उरलेली दोन द्रव्ये प्लॅस्टिकला तडे पाडू शकतात किंवा ते विरघळवू शकतात. थंड किंवा साधे पाणी आणि धीर एवढे पुरते. पुढचा भाग रात्रभर पाण्यात ठेवावा, सकाळी रबरी फुग्याने पाणी दाबून सोडावे आणि निब टिपकागदात गुंडाळून उभी ठेवावी. जिभेतले उरलेले पाणी कागद स्वतःच ओढून घेतो. बोअरवेलचे जड पाणी येणाऱ्या घरांत शेवटचे धुणे गाळलेल्या, किंवा गाडीच्या बॅटरीसाठी मिळणाऱ्या डिस्टिल्ड पाण्याने करावे, म्हणजे क्षार साचत नाहीत.

धनादेशावर आणि सहीच्या कागदांवर धुतली जाणारी निळी शाई वापरू नये. पाण्याच्या एका थेंबाने ती पुसली जाते.

निब घासणे

वरचे सगळे करून झाल्यावरही पेन खरखरत असेल, तर भिंगातून टोकाकडे पाहावे. एक पाते वर आणि दुसरे खाली दिसले, तर खालचे पाते अंगठ्याच्या नखाने हळूच वर उचलून दोन्ही समपातळीत आणता येतात, आणि खरखरीचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते. पॉलिश पेपरवर निब घासणे हा उपाय मात्र परत फिरवता येत नाही. टोकावरचा कठीण धातूचा मणी इवलासा असतो. तो एकदा झिजला की निबच बदलावी लागते. दोन्ही पाती सरळ असून, शाई आणि कागद बदलूनही खरखर जात नसेल, तर ते पेन निबेचे काम जाणणाऱ्या कारागिराकडे द्यावे, आणि देताना आपण नेहमी वापरतो ती शाई भरून, आपण लिहितो त्या वहीचे एक पान सोबत पाठवावे.