मांजर गोधडीवर कणीक मळतंय? मग या चुका टाळा

रात्री लाइट बंद केला की आमची गुंडी पलंगावर उडी मारते, माझ्या पोटऱ्यांपाशी दोन-तीन गिरक्या घेते आणि मग सुरू, डावा पंजा उजवा पंजा, डावा उजवा, डोळे अर्धे मिटलेले, घुरघुर चालू, आणि त्या घुरघुरीखाली एक बारीक टिक टिक आवाज. तो आवाज म्हणजे नखात धागा अडकून सुटतोय त्याचा. आत्याने जुन्या सुती साड्यांची हाताने शिवून दिलेली गोधडी होती, तिच्या एका कोपऱ्यातले टाके तीन महिन्यांत असे उपटले गेले की आतला साडीचा हिरवा थर दिसायला लागला. मला खरंच रडू आलं होतं. त्यानंतर मी खूप काय काय करून बघितलं, त्यातलं बरंचसं चुकीचं निघालं, ते तुमच्याकडून होऊ नये म्हणून लिहितेय.

आधी हे समजून घ्या की मांजर मुद्दाम गोधडी फाडायला बसलेलं नसतं. पिल्लू आईला पितं तेव्हा दूध सुटावं म्हणून दोन्ही पंजांनी आईचं पोट असंच दाबतं, आणि ती ऊब, तो मऊपणा पुन्हा मिळाला की मोठं मांजरही तेच करतं. शिवाय पंजाच्या तळव्यांत वासाच्या ग्रंथी असतात, म्हणजे मळता मळता ती त्या कापडाला आपला वास पण लावते. लवकर आईपासून तुटलेली पिल्लं हे जास्त करतात असं पाळणाऱ्या बऱ्याच जणांचं म्हणणं आहे, आमची तर पार्किंगमध्ये पावसात सापडली तेव्हा जेमतेम महिन्याची होती. ही सवय मोडायची गोष्टच नाहीये. पंजाखाली काय येतं आणि नखाचं टोक कसं आहे, एवढंच आपल्या हातात आहे आणि तेवढं पुरतं.

ओरडणं, पाण्याचा फवारा मारणं

हे सगळ्यात आधी बंद करा. ती तेव्हा पूर्ण निर्धास्त असते, त्याच क्षणी तोंडावर पाणी बसलं तर तिला गोधडीचं काही कळत नाही, फक्त एवढंच कळतं की तुमच्याजवळ निवांत बसलं की त्रास होतो. मग ती तुम्ही घरात नसताना मळते, किंवा जवळ यायचंच सोडते. मी दोनदा फवारा मारला होता आणि पुढचे आठ दिवस ती सोफ्याखाली झोपली, ते अजून मनाला लागून आहे.

मळत असताना उचलून घेणं

ही चूक सगळे करतात कारण हात आपोआप पुढे जातो. पण होतं काय, मांजराचं नख आकड्यासारखं वळलेलं असतं, टोक तिच्याच दिशेने मागे. तुम्ही तिला पोटाखाली धरून वर किंवा मागे ओढलं की प्रत्येक आकडा धाग्यात आणखी रुततो आणि एकदम चार-पाच टाके बाहेर. आमच्या गोधडीचं अर्धं नुकसान मळण्याने नाही, माझ्या उचलण्याने झालं.

त्यापेक्षा तिच्या पंजाखाली हळूच बोट सरकवा, पंजा आधी पुढे, म्हणजे तिच्या अंगापासून लांब ढकला, आकडा सुटतो, मग वर उचला. पंजा वरून-खालून चिमटीत दाबू नका, दाबला की नखं उलट बाहेर येतात. एक पंजा सुटला की त्याच्या खाली घडी केलेलं दुसरं कापड सरकवायचं, मग दुसरा पंजा. ती मळत राहते, फक्त आता तिच्या कापडावर. पहिले दोन-चार दिवस वेळ लागतो, नंतर ती स्वतःच थांबते आणि कापड घालायची वाट बघते.

वासाने पळवायचे घरगुती उपाय

इथे कृपया नीट वाचा कारण यात मांजराचा जीव जाऊ शकतो. आपल्याकडे गाद्या-गोधड्यांच्या घडीत डांबरगोळ्या टाकायची पद्धत आहे, आणि कुणीतरी सांगतं की त्या वासाने मांजर जवळ येणार नाही. मांजराला एक गोळीसुद्धा विषारी ठरू शकते. कापूर, निलगिरीचं तेल, टी ट्री ऑइल, सर्दीचा बाम, फिनाईलचा बोळा, हे सगळं तसंच. माणसाचं यकृत ज्या रसायनांची विल्हेवाट लावतं त्यातली बरीच मांजराच्या यकृताला जमत नाहीत, आणि मांजर पंजाला लागलेलं सगळं चाटून पोटात घेतं. लिंबू-संत्र्याच्या सालींचं तेल पण नको. ज्या गोधड्या डांबरगोळ्यांत ठेवल्या होत्या त्या बाहेर काढल्यावर धुऊन, कडक उन्हात चांगल्या वाळवून, वास पूर्ण गेल्यावरच पलंगावर घाला.

नवीन बेड आणून कोपऱ्यात ठेवणं

मांजरासाठी छान गुबगुबीत बेड आणला, बाल्कनीच्या कोपऱ्यात ठेवला, तिने ढुंकून पाहिलं नाही, असं बहुतेकांचं होतं. कारण तिला बेड नको असतो, तुमच्या पायापाशी असलेली तीच जागा हवी असते. म्हणून तिचं कापड तिथेच, पलंगावर, जिथे ती मळते बरोबर त्या ठिकाणी अंथरा. महिनाभराने हवं तर रोज वीतभर सरकवत बाजूला न्या.

कापड कुठलं हे पण महत्त्वाचं. टर्किश टॉवेलला सगळे फासेच फासे असतात, तो नकोच. विणलेलं स्वेटर, शाल, क्रोशाचं काही, सॅटिन, हे पण नको. सोलापुरी चादर टिकाऊ असते यात वाद नाही पण नक्षीच्या जागी धागे वर तरंगलेले असतात, नख नेमकं तिथे शिरतं. घट्ट विणीचं पॉपलिन, जुन्या जीन्सचं कापड, किंवा फ्लीसचं ब्लँकेट घ्या. फ्लीसला ओढला जाईल असा फास नसतो आणि मऊपणा मांजराला आईच्या अंगाजवळचा वाटतो. आमच्याकडे साधारण दीड फूट बाय दोन फुटाचे दोन तुकडे आहेत, दोन घडी घालून अंथरते.

आणि ते रोज धुऊ नका! मी सुरुवातीला दर दोन दिवसांनी सुगंधी लिक्विडमध्ये धुवायची आणि दर वेळी ती परत गोधडीवर जायची, कारण तिने लावलेला वास मी धुऊन टाकत होते. आता दोन्ही तुकडे एकाच दिवशी कधी धूत नाही, एक मळका राहतोच, साबण पण बिनवासाचा.

दिवसा ती एकटी पलंगावर असते तेव्हा गोधडी घडी करून कपाटात आणि गादीवर जाड पलंगपोस. गादीवर वॉटरप्रूफ प्रोटेक्टर असेल तर तो सगळ्यात वर ठेवू नका, त्याच्या आतला प्लॅस्टिकसारखा पातळ पडदा नखाने सुईच्या टोकाएवढा टोचला तरी पाणी खाली झिरपतं आणि ते तुम्हाला गादीला वास यायला लागल्यावर कळतं. त्याच्यावर एखादी जाड सुती चादर हवीच.

नखं वाढू देणं, किंवा एकदम सगळी कापायला बसणं

मांजराला पुढे पाच-पाच आणि मागे चार-चार अशी साधारण 18 नखं असतात. मळतात ती पुढची दहा, त्यामुळे गोधडीसाठी तेवढीच बघितली तरी चालतं. दर 2 ते 3 आठवड्यांनी फक्त टोकाचा वळलेला पांढरा आकडा काढायचा. आत गुलाबी दिसतं तिथे रक्तवाहिनी आणि नस असते, तिच्यापासून अंतर ठेवा. काळोखी नखं असतील तर अगदीच टोक. चुकून रक्त आलंच तर कॉर्नफ्लोअरची चिमूट दाबून धरा, थांबतं. थांबलं नाही तर डॉक्टरकडे.

टॉवेलात गुंडाळून, दोघांनी धरून, एका बैठकीत दहा नखं, असं केलं की पुढच्या वेळी कटर बघूनच ती पळते. ती जेवून पेंगत असताना मांडीवर घ्या, दोन नखं कापा, आवडता खाऊ द्या, सोडा. उद्या आणखी दोन. दहा-बारा दिवस आधीपासून नुसतेच पंजे हातात घेऊन सोडून द्यायची सवय लावली तर फार सोपं जातं. आपल्या नेलकटरने मांजराचं नख चपटं होऊन चिरतं, मांजराची छोटी कात्री मिळते ती घ्या. आणि खाजवायला काथ्याचा दोर घट्ट गुंडाळलेला एक उभा खांब ठेवा, तिच्या अंगाची पूर्ण लांबी ताणता येईल एवढा उंच.

नखं कायमची काढून टाकण्याबद्दल कुणी सुचवलं तर ऐकूसुद्धा नका. त्यात नख नाही, प्रत्येक बोटाचं शेवटचं पेर हाडासकट छाटतात.

मळण्यात बदल झाला तरी दुर्लक्ष करणं

ऑपरेशन न झालेली मादी चार-सहा महिन्यांची झाली आणि अचानक खूप मळायला लागली, लोळतेय, रात्रभर ओरडतेय, तर ती माजावर आलीये, त्यावर ब्लँकेट हा उपाय नाही, डॉक्टरांशी नसबंदीचं बोला. मळताना लाळ गळणं चालतं, पण एरवीही गळत असेल आणि तोंडाला वास येत असेल तर दात दाखवा. काही मांजरं मळता मळता कापड चोखतात, सयामी जातीत हे जास्त दिसतं. नुसतं चोखणं ठीक, चावून गिळत असेल तर ते कापड लगेच काढून घ्या आणि व्हेटला दाखवा.

निघालेला धागा कात्रीने कापणं

धागा बाहेर लोंबला की हात कात्रीकडे जातो. गोधडीचा धावदोरा कापला की पूर्ण ओळ सुटत जाते. त्याऐवजी बोथट सुई घ्या, फास जिथे आलाय त्याच्या शेजारच्या टाक्यापासून सुरुवात करून एकेक टाका थोडा थोडा ओढत तो ढिलेपणा ओळीत वाटून टाका, पाच-सहा टाक्यांत फास दिसेनासा होतो. चादरीचा धागा असेल तर सुईने उलट्या बाजूला ओढून घ्या. तुटलाच असेल तर दोन्ही बाजूंना तीन-तीन टाके मागे जाऊन नवीन दोऱ्याने दुहेरी शिवा, आत्या असंच करते.

हे करताना मांजराला दुसऱ्या खोलीत ठेवा आणि उठताना सुई-दोरा झाकणाच्या डब्यात गेलाय ना ते मोजून बघा. मांजराच्या जिभेवरचे काटे आतल्या दिशेने वळलेले असतात, तोंडात गेलेला दोरा तिला थुंकता येत नाही, तो आतच जात राहतो. मग तो जिभेखाली किंवा पोटात अडकतो आणि आतडी त्याच्यावर चुणीसारखी गोळा होतात. तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, कापू नका, आहे तसं उचलून डॉक्टरकडे न्या. उलट्या होतायत, जेवण सोडलंय, एका जागी गपगार बसलीये आणि घरात शिवणकाम झालंय, तर दोरा दिसला नसला तरी डॉक्टरांना ते आधी सांगा आणि सकाळपर्यंत थांबू नका.