बेघरांसाठी सर्वधर्मीय काम करताय? या चुका टाळा

दादर, माहीम, भायखळा किंवा पुण्याचा कॅम्प घ्या. चालत दहा-पंधरा मिनिटांच्या टापूत देऊळ, मशीद, चर्च, गुरुद्वारा, बुद्धविहार सगळं सापडतं. प्रत्येकाकडे मोठी पातेली आहेत, राबणारे हात आहेत, दानपेटी आहे. आणि त्याच टापूत फुटपाथवर झोपणारी माणसंही आहेत. 'आपण सगळे मिळून यांच्यासाठी काही करू या' असा विषय कोणीतरी काढतं, बैठक होते, व्यासपीठावर शाल-श्रीफळ होतं, फोटो छापून येतो आणि तीन-चार महिन्यांत सगळं थंडावतं. दानत आटली असं क्वचितच घडतं. गडबड कामाच्या आखणीत असते, आणि बहुतेक गावांत ती त्याच त्या जागी होते.

मोजणीआधी चूल पेटवणं

आपल्या भागात किती जण उघड्यावर झोपतात, हे बैठकीतल्या एकालाही ठाऊक नसतं. २०११च्या जनगणनेत देशभरात सुमारे १७.७ लाख बेघर मोजले गेले, महाराष्ट्रात २ लाखांहून जास्त. ही मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली होती. रात्रीच का, तर दिवसा हे लोक दिसतच नाहीत. नाक्यावरचे बिगारी, केटरिंगचे वाढपी, हातगाडीवाले, कचरा वेचणाऱ्या बाया दिवसभर कामावर असतात. दुपारी देवळाबाहेर जी रांग दिसते तेवढेच बेघर असं धरून चाललात, तर राबणारा मोठा गट तुमच्या हिशेबातून गळतोच.

रात्री दहानंतर फिरा. प्रत्येक तुकडीत दोन वेगळ्या धर्मस्थळांची माणसं आणि निदान एक बाई असू द्या. पुरुषांच्या घोळक्याशी फुटपाथवरची एकटी बाई बोलणार नाही. नाव-गाव विचारण्याआधी आपण कोण, कशाला आलो ते सांगा, नाहीतर पालिकेची गाडी आली असं समजून लोक बोचकी उचलून निघून जातात. परळला टाटा रुग्णालयाच्या आसपास पदपथावर राहणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक हा आणखी वेगळा प्रकार. त्यांना उकळलेलं पाणी, चूल पेटवायला जागा आणि रुग्णाला चालेल असा डबा लागतो. त्यांची गणती इतरांत करू नका.

सगळ्यांनी एकाच दिवशी वाढणं

ही सर्वांत मोठी चूक, म्हणून जरा सविस्तर. मंगळवारी गणपतीचं देऊळ, गुरुवारी साईबाबा आणि दर्गा, शनिवारी मारुती, रविवारी चर्च आणि गुरुद्वारा. त्यात पितृपक्षाचा पंधरवडा आणि रमजानचा महिना. माहीम दर्ग्याजवळच्या हॉटेलांपुढे ओळीने उकिडवी बसलेली माणसं आणि गल्ल्यावर 'दस आदमी' म्हणत पैसे देणारा दाता, हे चित्र मुंबईकराला नवं नाही. म्हणजे काही दिवशी एकाच माणसाच्या हातात चार पुड्या असतात, आणि जुलैत धो धो पाऊस लागला की सलग दोन दिवस कोणी फिरकत नाही.

उपाय साधा आहे, पण मान बाजूला ठेवावा लागतो. आठवड्याचे सात दिवस आणि दोन वेळा असा तक्ता करा. आधीपासून कोण कधी वाढतं ते भरा. तक्त्यातली रिकामी घरं तेवढी वाटून घ्या. ज्याचा वार ठरलेला आहे त्याला तो बदलायला सांगू नका, कारण शनिवारचा भंडारा सोमवारी नेणं कुठल्याच विश्वस्ताला जमत नाही. त्याऐवजी त्याच देवस्थानाला शनिवारच्या शिध्यातला वाटा सोमवारच्या चुलीसाठी मागा. आणि वाढण्याची वेळ रात्री साडेआठ-नऊची ठेवा. कामावरून परतलेल्यांना तेव्हा जेवण मिळतं.

काय शिजवायचं यावर मात्र वाद होतात. लंगर शाकाहारीच असतो, त्यामुळे गुरुद्वाराची पद्धत उचलली की हलाल, झटका हे प्रश्नच उरत नाहीत. जैन मंडळी सोबत असतील तर त्यांच्या दिवशी कांदा-लसूण आणि कंदमुळं नकोत. भांडं एक, बेत शाकाहारी, एवढं पुरतं. फक्त एक अपवाद डोक्यात ठेवा. क्षयरोगाचं औषध चालू असलेल्याला अंडी दिलेली बरी. ज्यांना चालतं त्यांनी ती आपल्या दारातून द्यावीत, समाईक चुलीवर तो विषय आणूच नये. दात नसलेल्या म्हाताऱ्यांना पुरी-भाजी चावत नाही आणि मधुमेह्याला रोज शिरा-बुंदी सोसत नाही, हेही वाढणाऱ्याने पाहावं. प्रसाद म्हणून गोड द्यायचंच असेल तर चमचाभर द्या.

लग्नातलं उरलेलं अन्न आणून वाटणं टाळा. अन्नसुरक्षा कायदा २००६चा आहे आणि तो नफा न घेणाऱ्यांनाही लागू होतो. कायदा सोडा, हगवण लागलेल्या माणसाला रात्री दोनला शौचालय कुठे मिळणार? शिजवल्यापासून दोन तासांत ताटात पडेल तेवढंच शिजवा. दह्याचे, ओल्या नारळाचे पदार्थ उन्हाळ्यात बादच करा.

पैसा एका पेटीत टाकणं

उत्साहात समाईक खातं उघडलं जातं आणि पहिलं भांडण तिथेच होतं. कारणं खरी असतात. जकात, म्हणजे इस्लाममधलं बंधनकारक दान, मुस्लिम गरजूंनाच द्यायची, असं बहुतेक उलेमा (धर्मपंडित) मानतात. सदका, म्हणजे ऐच्छिक दान, मात्र कोणालाही देता येतो. मंदिराच्या न्यासाला नोंदणीपत्रातल्या उद्देशांबाहेर खर्च करता येत नाही आणि धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब द्यावा लागतो. परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेला २०२०च्या दुरुस्तीनंतर तो पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. नोंदणी नसलेल्या समितीने पावती पुस्तक छापून वर्गणी गोळा केली तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खालची परवानगी लागते. गणेश मंडळांचे कार्यकर्ते हे चांगलं जाणतात, त्यांनाच विचारा.

म्हणून पैसा ज्याचा त्याच्याकडे राहू द्या आणि काम वाटून घ्या. तांदूळ एकाने, गॅस दुसऱ्याने, टेम्पो तिसऱ्याने. कोणी काय दिलं याची एक वही ठेवा, ती दर महिन्याला सगळ्यांसमोर उघडा. रोख रकमेला हात न लावणारी समिती जास्त टिकते, हे माझं ठाम मत आहे.

नागपूरची थंडी मुंबईत आणणं

डिसेंबर आला की ब्लँकेटवाटप. नाशिक, पुणे, नागपूरला ते ठीक. मुंबईत बेघराचा खरा वैरी पाऊस आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात जाड ताडपत्री, दोरी आणि सामान कोरडं ठेवायला झाकणाचा पिंप द्या, त्याचं मोल दहा ब्लँकेटांएवढं. विदर्भात मे महिन्यात पाणपोई आणि दुपारी बारा ते चार सावलीची जागा. सभामंडप तेवढ्या वेळापुरता उघडा ठेवला तरी उष्माघात टळू शकतो.

दिलेलं ब्लँकेट आठ दिवसांत दिसत नाही, मग 'विकून दारू प्यायला' असा शेरा येतो. थोडी चौकशी करा. कधी विकलेलं असतंही. पुष्कळदा ते भिजून कुजलेलं असतं, चोरीला गेलेलं असतं किंवा अतिक्रमणवाल्यांच्या गाडीत गेलेलं असतं. वस्तू देण्याइतकीच ती ठेवायला जागा देणं गरजेचं आहे, आणि जागा तर धर्मस्थळांकडेच असते.

नळ आणि संडास बंद ठेवणं

दोनशे पानं उठवणाऱ्या संस्था संडासाची किल्ली द्यायला का कू करतात. सुलभमध्ये पैसे मोजावे लागतात, रात्री काही ठिकाणी कुलूप असतं. बायकांचे हाल सर्वांत जास्त. सकाळी पाच ते सात संडास-न्हाणी उघडी, साबण, बायकांना वेगळी वेळ आणि दाराशी एक सेविका. एवढं एका जरी धर्मस्थळाने सुरू केलं तर मी त्याला महिनाभराच्या अन्नदानापेक्षा वर ठेवीन. आंघोळ झालेल्या माणसाला नाक्यावर काम मिळतं. 'पावित्र्य' हा आक्षेप येईलच. त्यावर वाद घालत बसू नका, बाहेरच्या अंगाला पत्र्याची न्हाणी बांधा.

कागदपत्रांचं काम 'नंतर बघू' म्हणणं

गाडगेबाबांच्या दशसूत्रीत भुकेलेल्यांना अन्न आहे, तसा बेघरांना आसराही आहे. पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या करणाऱ्या या माणसाला भाकरीवर काम भागत नाही हे पुरतं माहीत होतं. आज आसऱ्याची वाट कागदांतून जाते. आधार नाही म्हणून बँक खातं नाही, खातं नाही म्हणून क्षयरुग्णाला मिळणारे पोषण आहाराचे पैसे अडकतात, आणि आधाराविना रेशनही अडतं.

वाटा आहेत. पुरावा नसलेल्याला परिचयदात्यामार्फत आधार काढायची तरतूद आहे. बेघराला मतदार यादीतही नाव घालता येतं. तो जिथे झोपतो तिथे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने (बीएलओ) रात्री जाऊन खात्री करायची असते, घराचा पुरावा मागायचा नसतो. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. पण हे सगळं खिडकीपाशी कोणीतरी सोबत उभं राहिलं तरच घडतं. निवृत्त तलाठी, बँकेतून सेवानिवृत्त झालेले काका, शाळेतल्या बाई अशी माणसं प्रत्येक मंदिरात आणि पॅरिशमध्ये असतात. त्यांना वाढपाला लावू नका, या कामावर बसवा. आणि मूळ कागद ठेवायला एक कुलपाचं कपाट द्या. ते कुठल्या धर्मस्थळात आहे याने कोणाचंच काही अडत नाही.

पालिकेचे रात्र निवारे कुठे आहेत याचीही माहिती काढा. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने ठरवलेल्या निकषानुसार शहरी लोकसंख्येच्या दर लाखामागे किमान १०० जणांची सोय हवी आणि निवारा चोवीस तास उघडा हवा. तुमच्या प्रभागात नसेल तर पाच धर्मस्थळांच्या शिक्क्यांचं एकच पत्र वॉर्ड ऑफिसात द्या. असं पत्र साहेबांना सहजी बाजूला सारता येत नाही. मात्र कोणालाही ढकलून निवाऱ्यात पाठवू नका. नवरा-बायकोची ताटातूट होत असेल किंवा नाका लांब पडत असेल, तर माणूस दुसऱ्या दिवशी परत फुटपाथवरच दिसेल.

दाढी-आंघोळीचे व्हिडिओ

रस्त्यावरच्या मनोरुग्णाला धरून आणायचं, केस भादरायचे, नवे कपडे घालायचे, मागे गाणं लावून रील टाकायचं. हे बंद करा. त्याची संमती नसते, उपचार होत नाहीत आणि चेहरा जगभर फिरतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७च्या कलम १०० प्रमाणे अशा व्यक्तीला संरक्षण देऊन २४ तासांत सरकारी आरोग्य केंद्रात तपासणीसाठी नेणं ही पोलिसांची जबाबदारी आहे. तिला कोठडीत ठेवता येत नाही. तुमचं काम पोलिसांसोबत जाणं, नोंद करून घेणं आणि नंतर विचारपूस चालू ठेवणं. अंगारा, ताईत, झाडफूक यांपासून सर्वच धर्मांच्या मंडळींनी आपापल्या भक्तांना आवरावं. कर्जतजवळ डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा फाउंडेशनने असे कितीतरी रुग्ण उपचारांनंतर परराज्यांतल्या घरी पोहोचवले. वाटवानी यांना २०१८चा मॅगसेसे पुरस्कार याच कामासाठी मिळाला. घराचा पत्ता सापडायला रुग्णाची भाषा समजणारा माणूस लागतो, आणि इथे सर्वधर्मीय गटाचा खरा फायदा होतो: गुरुद्वारात पंजाबी, चर्चमध्ये तमिळ-मल्याळम, मशिदीत भोजपुरी-बंगाली बोलणारं कोणी ना कोणी निघतंच.

एकटं मूल दिसलं तर परस्पर कुठल्या आश्रमात किंवा मदरशात पोहोचवू नका. १०९८ला फोन करा. २४ तासांच्या आत कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, पुढचं बालकल्याण समिती ठरवते.

ताटासोबत धर्म वाढणं

पत्रकं नाहीत, नामजपाची अट नाही, जेवणाआधी सर्वांना हात जोडायला लावणं नाही, घोषणा नाहीत. सगळ्यांना सारखा नियम. यात एकदा जरी सूट दिली, तरी धर्मांतराचा संशय पसरतो आणि समिती तिथेच मोडते. 'जात-धर्म कोणता?' हा प्रश्न वाढताना विचारायचा नाही. विचारायचा तो एकाच कारणासाठी, आणि ओळख झाल्यावर: अंत्यविधी. फुटपाथवर माणूस गेला की पोलिसांच्या लेखी तो बेवारस ठरतो. नाव, गाव, नातेवाइकाचा नंबर आणि मातीत की अग्नीला, एवढं एका वहीत लिहून ठेवा. पोलिसांची रीतसर परवानगी घेऊन ज्या त्या धर्मस्थळाला पुढचं करता येतं.

गावात तणाव आला की गट गुंडाळणं

मिरवणुकीवरून वाद झाला, कुठे दगड पडला की पहिल्यांदा व्हॉट्सअॅप ग्रुप गप्प होतो. भिवंडीत पोलीस उपायुक्त असताना सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या, आणि १९९२-९३मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. ती ओळख दंगलीच्या बऱ्याच आधी झालेली होती. तुमच्या गटातही तणावाच्या दिवशी जेवण कुठून निघणार, कोण कोणासोबत जाणार, पोलीस ठाण्यात कोणाला फोन करायचा, हे आधीच कागदावर ठेवा. त्या दिवशी वाढायला दोन वेगळ्या धर्मांची माणसं एकत्र जावीत. निवडणुकीच्या काळात उमेदवाराचा फ्लेक्स पातेल्याजवळ लागू देऊ नका.

बैठकीला फक्त विश्वस्त, मौलाना, फादर, ग्रंथी आणि भन्तेजी बोलावले तर ठराव होतील. चूल सांभाळणाऱ्या मावश्या, टेम्पोवाला आणि फुटपाथवर राहणारे निदान दोघे-तिघे असतील, तरच तक्त्यातली चूक वेळेवर कळते. ती बैठक रात्री नऊनंतर ठेवा, नाहीतर हे दोघे-तिघे कामावर असतील.