आधी चुन्याची रेघ, मग खड्डा

सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या पोरांना मी पहिल्या दिवशी उडी मारायच्या नऊ फुटी खड्ड्याजवळ नेतच नाही. येळ्ळूरच्या शिवारात भातकापणी झाली की मोकळ्या शेतात चुन्याच्या दोन रेघा मारतो, सहा फुटांवर. आठवड्यानं सात, मग आठ, मग नऊ. साडेनऊ फूट विनासायास जायला लागले की मगच कुदळ हातात घ्यायची.

मी मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झालो. आमचं सेंटर, म्हणजे रेजिमेंटचं प्रशिक्षण केंद्र, 1922 पासून बेळगावातच आहे. पोरं पहाटे 1600 मीटर पळतात, कारण साडेपाच मिनिटांत आलं की 60 गुण. बीमला लोंबकळतात, कारण 10 पुलअपला 40. खड्ड्याला आणि झिगझॅगला, म्हणजे वाकड्यातिकड्या अरुंद लाकडावरून तोल सांभाळत चालायला, गुणच नाहीत, म्हणून ते राहून जातं. पण बाबांनो, तिथं नापास झालात तर बाकीचे गुण घेऊन काय करणार?

खड्ड्याकडं बघायचं नाही. पंधरावीस पावलांची धाव, शेवटची तीन पावलं झपाझप, आणि नजर पलीकडच्या बांधावर. एका पायावर उडायचं, दोन्ही पायांवर उतरायचं, गुडघे वाकवून, छाती पुढं. अंग मागं गेलं की बैठक खड्ड्यात.

एक चूक माझ्या हातून झालीय. पलीकडची माती उन्हानं आवळून आली होती आणि मी ती मोकळी केली नाही. एका पोराचा घोटा मुरगळला, त्याची ती भरती हुकली. त्याच्या आईला सांगताना माझ्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हापासून पलीकडची चार फूट माती रोज पहाटे मी स्वतः खणतो, खडे वेचतो, बोटं दुसऱ्या पेरापर्यंत आत गेली तरच शिट्टी मारतो. तुम्ही एकटे सराव करत असाल तरी एवढं कराच.

झिगझॅगला घरचं लाकूड चालतं. जमिनीवर ठेवून सुरुवात करा, हात पसरा, नजर चार पावलं पुढं.

दोर मात्र आत्ताच शिका. भरतीत तो नाही, पण सेंटरला गेल्यावर बीपीईटीत, म्हणजे सैनिकांच्या शारीरिक चाचणीत, उभा दोर, आडवा दोर आणि हाच नऊ फूट खड्डा, तोही बूट, पिठ्ठू (पाठीवरची पिशवी) आणि रायफलीसकट. दोर एका पावलावरून घेऊन दुसऱ्या पावलानं दाबायचा आणि पायांवर उभं राहायचं, म्हणजे हात दमत नाहीत. उतरताना हाताखाली हात. घसरलात तर तळव्याची साल निघते, आणि पुढचे आठ दिवस बीम धरता येत नाही.