पारा चारवर उतरण्याआधी : ग्वाल्हेरच्या किडेवाल्यांसाठी

मावठ्याचा पाऊस थांबला, आभाळ लख्ख झाले आणि वारा वायव्येकडून वाहू लागला, की ग्वाल्हेरमध्ये कीटक पाळणाऱ्याने आणि जमवणाऱ्याने त्याच संध्याकाळी कामाला लागावे. हा पाऊस आणणारा पश्चिमी विक्षोभ पुढे सरकला की ढग जातात, रात्री जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते आणि एक-दोन रात्रींत पारा धाडकन खाली येतो. जानेवारीत किमान तापमान ७ अंशांच्या आसपास असणे इथे नेहमीचेच. त्याची सवय आपल्याला आहे, अंगणातल्या किड्यांनाही आहे. घात होतो तो अचानक घसरण्याने. मैदानी भागात किमान तापमान १० किंवा त्याखाली जाऊन सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी घसरले, किंवा सरळ ४ वर आले, तर हवामान खाते थंडीची लाट म्हणते. २ वर आले तर तीव्र लाट. इंदूर आपल्यापेक्षा चांगले साडेतीनशे मीटर उंचावर असूनही आपल्याकडे गारठा जास्त, कारण उत्तरेच्या मैदानातले वारे आणि धुके इथपर्यंत बिनधोक पोहोचतात.

मोबाइलवर दिसणारा आकडा वेधशाळेचा असतो, तुमच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीचा नसतो. म्हणून यादीत पहिली वस्तू थर्मामीटर. रात्रीचा सर्वांत कमी आकडा लक्षात ठेवणारा साधा डिजिटल पुरतो, पण दोन घ्यावेत. एक खोलीत, दुसरा खुद्द डब्याच्या आत. शहरातल्या लश्कर भागातल्या जुन्या वाड्यांच्या दगडी भिंती फार कामाच्या. बिनखिडकीची मधली खोली रात्रभर फारशी गार होत नाही, आणि फारशी तापतही नाही. अशा खोलीत बहुतेक घरांत देवघर किंवा धान्याची कोठी असते, तेव्हा तिथे डबे ठेवण्याची बोलणी आईशी किंवा सासूबाईंशी डिसेंबरातच उरकून घ्यावीत. ऐन लाटेत अळ्यांचा डबा हातात धरून ही चर्चा होत नाही.

आता महत्त्वाचे. हीटर शोधायला पळू नका; आधी घरातल्या जिवांची वाटणी करा, कोण झोपलेले आहे आणि कोण जागे. थंडीच्या लाटेत हौशी माणसाच्या हातून जेवढे कीटक मरतात, त्यातले कितीतरी गारठ्याने न मरता प्रेमाने दिलेल्या उबेने मरतात, असे माझे ठाम मत आहे. टसरचे कोष घ्या. आतला जीव हिवाळाभर मुद्दाम थांबलेला असतो, पावसाळ्याच्या तोंडावर बाहेर यायचे हे त्याचे ठरलेले असते. त्याला खोलीत आणून उबदार ठेवले तर जानेवारीत एखादा पतंग बाहेर पडेल. तेव्हा ना जोडीदार, ना ऐन-अर्जुनाची कोवळी पालवी. प्रार्थनाकीटकाच्या अंड्यांचे फेसाळ, वाळलेले घरटे फांदीला चिकटलेले असते, त्याचेही तेच. हीटरजवळ ठेवाल तर एका सकाळी शेकडो पिल्ले डब्यात वळवळताना दिसतील, आणि त्यांना खायला घालायला बाहेर एक चिलटसुद्धा नसेल. लिंबावरच्या फुलपाखराचे कोष उत्तरेकडे हिवाळा असेच काढतात. ही सगळी मंडळी गारच ठेवायची. सावलीत, वाऱ्याच्या झोतापासून आणि पाल्यापासून बाजूला, हवा खेळती राहील अशा जाळीच्या डब्यात. पाला म्हणजे आपल्याकडे पिकावर पडतो तो, गोठलेले दव. व्हरांड्याची आतली बाजू त्यांना उत्तम.

जागे असलेले वेगळे. काडीकिडे, वाढत्या वयाचे प्रार्थनाकीटक, रुईवरच्या किंवा कढीपत्त्यावरच्या अळ्या, आणि कोणी दक्षिणेकडून आणलेले काही पाळत असेल तर ते. यांना थोडी ऊब हवी, पण एकसारखी. रात्री ८ आणि दुपारी काचेमागच्या उन्हात ३५, असा झोका त्यांना सोसत नाही. त्यापेक्षा अहोरात्र १८ ते २० बरे. त्यासाठी सर्वांत स्वस्त सोय म्हणजे औषधांच्या दुकानात येणारी थर्माकोलची जाड खोकी. दुकानदाराला आधी सांगून ठेवले तर फुकट मिळतात. झाकणाला पेन्सिलीएवढी चार-सहा भोके पाडा, आत कोपऱ्यात कोमट पाण्याच्या दोन बाटल्या टॉवेलात गुंडाळून ठेवा आणि कीटकांचे डबे त्यांना न चिकटवता मध्ये मांडा. झोपण्याआधी एकदा आणि पहाटे एकदा पाणी बदलायचे. वीज गेली तरी हे चालते, हा मोठा गुण.

विजेवर तापणारी मॅट वापरणारे असाल तर थर्मोस्टॅटशिवाय लावू नका, आणि माती भरलेल्या डब्याखाली तर मुळीच नको. गेंड्या भुंग्याच्या अळ्या खतात राहतात. उकडले की खाली खोल जायचे एवढेच त्यांना ठाऊक, कारण बाहेरच्या जगात गारवा खालीच असतो. मॅट खाली असेल तर त्या गारव्याच्या शोधात तव्यावर जाऊन पोहोचतात. ती डब्याच्या एका बाजूला उभी चिकटवा, म्हणजे ज्याला जिकडे जायचे त्याला तिकडे जाता येईल. खरे तर या अळ्यांना मॅटपेक्षा मातीची खोली जास्त उपयोगाची. डब्यात एक वीतभर खत-माती वाढवा आणि वर गोणपाट टाका. दिव्याच्या उबेवर भिस्त असेल तर लक्षात ठेवा, एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. जुना तारेचा बल्ब आता हुडकावा लागतो. महाराज बाडा चौकातल्या विजेच्या दुकानांत विचारून पाहा, आणि मिळाला तर दोन घ्या, दुसऱ्याचा उपयोग पुढे सांगतो.

कोळशाची शेगडी मात्र या खोलीत आणायची नाही. दार-खिडक्या लावून शेगडी पेटवली की कार्बन मोनॉक्साइड साठतो; त्याला वास नसतो आणि तो आधी माणसाचा जीव घेतो. बंद खोलीत डासांच्या वड्या आणि लिक्विडची मशीनही नको, तो विषार डासांपुरता थांबत नाही.

खाण्यापिण्याचे थोडक्यात. गारठलेल्या किड्याचे पचन मंदावते, तेव्हा लाटेच्या दिवसांत खाणे निम्म्यावर आणा आणि डब्यात उरलेले झुरळ-रातकिडे काढून घ्या; कात टाकताना सुस्तावलेल्या प्रार्थनाकीटकाला रातकिडा कुरतडतो. पाणी फवारायचे ते दुपारी, तेही डब्याच्या भिंतीवर बेताने. संध्याकाळची ओल आणि रात्रीचा गारठा एकत्र आले की बुरशी ठरलेली. पण हीटर चालू असेल तर उलट हवा कोरडी पडते, म्हणून कोपऱ्यात ओल्या कापसाची वाटी ठेवा. पानांची बेगमी आधी करा. पाला पडला की एरंडाची आणि रुईची पाने एका रात्रीत काळी पडून लोंबतात, कढीपत्ताही जळतो. लाटेच्या आधल्या दिवशी फांद्या कापून, ओल्या कापडात गुंडाळून, पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या खणात ठेवल्या तर काही दिवस निघतात. खायला देण्याआधी तासभर बाहेर काढून ठेवा.

जिवंत कीटकांच्या काळजीत सगळेजण टाचलेला संग्रह विसरतात, आणि माझ्या मते या शहरात हिवाळ्याचा खरा फटका त्यालाच बसतो. उन्हाळ्यात आपल्याकडची हवा इतकी कोरडी की पेट्या महिनोन्महिने बघितल्या नाहीत तरी चालते. धुक्याच्या आठवड्यात मात्र हवा ओलीचिंब होते, नमुने ती ओल पितात, नीट न वाळलेल्या पतंगांचे पंख खाली झुकतात आणि पायांच्या सांध्यांवर पांढरी बुरशी दिसू लागते. साध्या लोखंडी टाचण्या असतील तर गंज चढतो तो याच दिवसांत. त्यामुळे लाटेआधी प्रत्येक पेटीत सिलिका जेलची पुरचुंडी ठेवा. रंग बदललेले दाणे कढईत मंद आचेवर सतत हलवत परतले की पुन्हा कामाला येतात. ती कढई मग स्वयंपाकाला वापरायची नाही, हे सांगायला नको. पंख पसरून फळीवर लावलेले नमुने एरवी आठवड्यात सुटे करता येतात. धुक्यात दोन-तीन आठवडे हात लावू नका. डांबरगोळ्या थंडीत हळू उडतात, तेव्हा वास येत नाही म्हणून आणखी चार टाकण्याचा मोह आवरा, आणि त्यांचा डबा जिवंत कीटकांच्या खोलीत कधीच ठेवू नका.

पेटी गच्चीवरच्या गार खोलीतून खाली उबदार खोलीत आणली तर लगेच उघडायची नाही. चष्म्यावर जसे धुके धरते तसे गार काचेवर आणि नमुन्यांवर पाणी धरते. पेटी पिशवीत बांधूनच खाली आणा, चार-पाच तास तशीच राहू द्या. नमुने पोखरणाऱ्या केसाळ अळ्या थंडीने मरतील अशी आशा धरणारेही भेटतात. चार अंशांनी त्या फक्त मंदावतात. त्यांचा बंदोबस्त फ्रीझरमध्ये होतो. पेटी हवाबंद पिशवीत घालून उणे १८ वर आठवडाभर ठेवावी, आणि बाहेर काढल्यावर पुन्हा तोच नियम, खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय पिशवी सोडायची नाही.

नमुन्यासाठी कीटक मारायच्या इथाइल ॲसिटेटच्या बरणीबद्दल दोन गोष्टी. हे द्रव उणे ४ अंशांपासूनच पेट घेण्याजोगी वाफ सोडते, म्हणजे ग्वाल्हेरच्या कुठल्याही रात्री. हीटर, देवापुढची समई, शेगडी, सगळ्यांपासून लांब ठेवा. दुसरे, गारठ्यात वाफ कमी निघते आणि कीटकाचा श्वासही मंद असतो, त्यामुळे एरवीच्या वेळात काम होत नाही. भुंगा निपचित दिसतो, टाचणी लावली जाते आणि दिव्याखाली तो पाय हलवू लागतो. यापेक्षा वाईट काही नाही. वेळ दुप्पट-तिप्पट द्या, किंवा रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा.

बाहेर पडायचे असेल तर सकाळी लवकर उठण्याचा हट्ट सोडा, फोटो काढणाऱ्यांनी मात्र पहाटेच जावे. दवाने भिजलेली फुलपाखरे आणि चतुर तेव्हा बोटावर घेतले तरी उडत नाहीत. बाकीच्यांनी साडेबारा ते तीन. तिघऱ्याच्या धरणाकडे किंवा मुरैन्याच्या रस्त्याला मोहरी फुललेली असते, तिच्या शेंड्यांवर मावा, आणि मावा खायला सात ठिपक्यांचे ढालकिडे आणि सिरफिड माशीच्या अळ्या. रात्री हे सगळे पानांच्या बेचक्यात दडतात आणि ऊन चढले की वर येतात. जाळे घेऊन शेतात शिरण्याआधी शेतकऱ्याला विचारा. फुलोऱ्यात जाळे फिरवलेले कोणालाच आवडत नाही. निलगिरीची सुटलेली साल, दगडांखालच्या फटी, वाळलेल्या शेणाच्या पोवट्या हिवाळ्यात भरलेल्या असतात. दगड काठीने उलटा, खाली विंचूही थंडी काढत असतो, आणि पाहून झाले की दगड-साल होती तशी परत ठेवा. पांढरा पडदा आणि दिवा लावून पतंग बोलावणे या दिवसांत व्यर्थ. पारा १० च्या खाली गेल्यावर पडद्यावर दोन चिलटे आणि आपली हुडहुडी, बस्स.

त्यापेक्षा पिशवीभर पालापाचोळा घरी आणा. इटलीच्या अंतोनिओ बेर्लेझे यांनी १९०५ साली सुचवलेले नरसाळे घरी सहज बनते. नरसाळ्याच्या गळ्यात जाळी, त्यावर पाचोळा, खाली अल्कोहोलची बाटली, वर तो दुसरा जुना बल्ब. वरून वाळत आणि तापत गेले की बारीक भुंगेरे, कोळी, ठिपक्याएवढे उड्या मारणारे किडे खाली सरकत बाटलीत पडतात. दिवा पाचोळ्यापासून वीतभर तरी वर हवा. शिवपुरीचे माधव राष्ट्रीय उद्यान किंवा कोणत्याही संरक्षित जंगलातून मात्र पानही उचलू नका; १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या सूचीत कितीतरी फुलपाखरे आणि काही भुंगे आहेत, आणि परवानगीशिवाय पकडणे गुन्हा आहे. बाग, शेत आणि अंगण यांत हिवाळाभर पुरेल एवढे काम असते.

लाट ओसरली की पुन्हा घाई नको. थर्माकोलचे खोके पहिल्या स्वच्छ दिवशी उन्हात नेऊन उघडू नका. दोन दिवसांत हळूहळू बाटल्या कमी करा. तोपर्यंत एखादा कीटक पाय आखडून उताणा पडलेला दिसला तर तो मेला असे धरून टाकून देऊ नका. बऱ्याच वेळा ती थंडीने आलेली गुंगी असते. सावलीत, साध्या खोलीच्या उबेला, कागदावर ठेवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघा. मिशा हलल्या तर पाण्याचा एक थेंब जवळ ठेवावा, खाणे दुसऱ्या दिवशी. जे खरोखर गेले असतील ते वाळून ठिसूळ होण्याआधी टाचणीवर घ्या, आणि लेबलवर तारीख, ठिकाण, खाद्यवनस्पती यांच्या खाली त्या रात्रीचे डब्यातले किमान तापमानही लिहा.