विहिरीवर कललेलं झाड बांधाकडं पाडायचं तर: पाचर, टिरफोर आणि कप्पीचं काम

बांधावरची बाभूळ विहिरीकडं कललेली, एका अंगाला विजेची तार, दुसऱ्या अंगाला उभा ऊस. सातारा-सांगलीच्या बागायती पट्ट्यात झाड पाडायचं काम बहुतेक अशाच जागी निघतं. चेन सॉ फक्त कापते. झाड कलाच्या उलट न्यायचं असेल तर उचलायला पाचर लागते आणि ओढायला टिरफोर, म्हणजे हातानं दांडा मारून चालवायचं वायरचं मशीन.

आधी परवानगी. आंबा, चिंच, फणस, जांभूळ, हिरडा, साग, खैर ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत. स्वतःच्या रानातलं झाड असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. झाड किंवा फांदी तारेवर जाण्याची थोडीही शक्यता असेल तर महावितरणकडून लाइन बंद करून घ्या. लाइन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत झाडाला वायर बांधू नका.

कल किती आहे ते मोजा

नुसत्या नजरेवर जाऊ नका. दोरीला दगड बांधून ओळंबा करा आणि झाडापासून लांब उभं राहून तो डोळ्यासमोर धरा. मग काटकोनात फिरून दुसऱ्या बाजूनंही बघा, कारण पुढून सरळ दिसणारं झाड बाजूला कललेलं असू शकतं. फांद्यांचा भार कुठल्या अंगाला आहे तेही धरा. कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, म्हणजे पात्यामागच्या बोथट बाजूनं, बुंधा चौफेर ठोकून बघा. भद्द आवाज आला तर आत ढोली आहे. असं झाड खाली पाचर ठोकून पाडायचं नाही. वरून फांद्या उतरवत आणायचं.

खाच आणि बिजागरी

पाडायच्या बाजूला आधी खाच घ्यायची. खोलीनं ती बुंध्याच्या व्यासाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतकी. मग मागून आडवा काप, खाचेच्या तळापेक्षा ३ ते ५ सेंमी वर. दोन्हींच्या मध्ये न कापलेली जी पट्टी उरते ती बिजागरी, व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकी जाड. म्हणजे ४५ सेंमीच्या बुंध्याला ९ ते ११ सेंमी खोल खाच आणि साडेचार सेंमीची बिजागरी. झाडाला दिशा देते ती ही पट्टी, मशीन फक्त जोर लावतं. पट्टी पूर्ण कापली गेली की झाड मन मानेल तिकडं जातं, मग टिरफोर कितीही टनाचा असो. पांगारा, शेवगा, गुलमोहर यांचं लाकूड ठिसूळ. त्यांची बिजागरी लवकर तुटते, म्हणून तिथं कलाच्या उलट पाडायचा हट्ट धरू नका.

पाचर कुठवर पुरते

पाचर प्लॅस्टिकची, ॲल्युमिनियमची किंवा वाळलेल्या बाभळीच्या गाभ्याची घ्या, २० ते २५ सेंमी लांब. लोखंडी पाचरेला साखळी लागली तर दात तुटून उडतो.

पाचर किती काम करते याचं साधं गणित आहे. झाड १५ मीटर उंच, पाचर बिजागरीपासून ३५ सेंमी मागं. तिनं बुंधा अडीच सेंमी उचलला की शेंडा सुमारे १ मीटर सरकतो. कल त्यापेक्षा जास्त असेल तर आणखी पाचरी ठोकत बसण्यात अर्थ नाही. बिजागरी फाटते किंवा पाचर बाहेर उडते.

मागचा काप पाचर मावेल इतका आत गेला की लगेच पाचर घाला, पूर्ण कापून होईपर्यंत थांबू नका. झाड मागं बसलं की पातं जागीच अडकतं. ३० सेंमीपेक्षा बारीक बुंध्यात पातं आणि पाचर एकत्र मावत नाहीत; तिथं आधीच दोर लावा. दीड-दोन किलोच्या घणानं दोन ठोके मारायचे आणि मान वर करून बघायचं. वाळकी फांदी सुटते ती याच हादऱ्यानं.

टिरफोर लावताना

वायर जितकी उंच बांधाल तितका जोर कमी लागतो. समजा झाडाचं वजन १ टन आणि भार बिजागरीच्या मागं दीड मीटरवर. वायर ३ मीटरवर बांधली तर सुमारे ५०० किलोची ओढ लागते, ६ मीटरवर बांधली तर २५०. पण झाडाचं वजन अंदाजानंच धरलेलं असतं, शिवाय वायर तिरकी असते. म्हणून हिशेबाच्या तिप्पट क्षमतेचं मशीन धरा. शिडीवर चढून बांधण्यापेक्षा ३००-४०० ग्रॅम वाळूची पिशवी बारीक दोरीला बांधून भक्कम बेचक्यावरून टाका आणि तिच्या मागं दोर ओढून सरफास घ्या.

वायरच्या टोकाचा फासा आवळायला क्लिपा किमान तीन, आणि क्लिपेचा वाकलेला यू मोकळ्या टोकावर. उलटा लावला तर ताणाची वायरच चेपते. तारांचे काटे निघालेली वायर वापरूच नका.

मशीन बांधायचा खुंटा म्हणजे जिवंत, जाड झाड. पट्टा त्याच्या बुडाशी, जमिनीपासून वीतभर उंचीवर. काळ्या रानात ठोकलेली पहार ओल असली की सरळ निघून येते. झाड नसेल तर जाड ओंडका मीटरभर खोल आडवा पुरा. खुंटा पडणाऱ्या झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर हवा. तेवढी जागा नसेल तर कप्पी लावून वायर बाजूला वळवा, म्हणजे दांडा मारणारा माणूस पडण्याच्या रेषेत राहत नाही. फक्त हे लक्षात ठेवा: वळवणाऱ्या कप्पीच्या खुंट्यावर ओढीपेक्षा जास्त, वळणानुसार दुपटीपर्यंत भार येतो.

क्रम असा. वायरची ढील काढा. खाच घ्या. वायर नीट ताणा. मागचा काप घेऊन पाचर घाला, बिजागरी राखा. कापणाऱ्यानं चेन सॉ बंद करून मागं तिरक्या वाटेनं बाहेर पडायचं. ही वाट आधीच साफ केलेली हवी. मग शिट्टी, आणि दांडा. ओढ सावकाश, सलग. कापण्याआधीच जबर ताण दिला तर बुंधा उभा चिरतो आणि मागचा हिस्सा कापणाऱ्याच्या छातीवर येतो. निलगिरीत हा धोका जास्त, तिच्या खोडात वाढतानाच ताण साठलेला असतो.

जास्त भार आला की टिरफोरच्या दांड्यातली पिन तुटते. ती तुटण्यासाठीच दिलेली आहे. तिच्या जागी खिळा घालू नका. जोर का लागतोय ते बघा. बहुतेक वेळा बिजागरी जाड राहिलेली असते किंवा वायर खाली बांधलेली असते.

ट्रॅक्टरनं ओढू नका. वायर उंच असली तर पुढची चाकं उचलतात, आणि झटका बसला की बिजागरी तुटते. जेसीबीच्या बकेटनं ढकलत असताना खाली माणसानं कापणं तर कधीच नको.

झाड दुसऱ्यात अडकलं तर

खाली जायचं नाही. ज्यावर अडकलं ते झाड कापायचं नाही. वर चढून फांद्या तोडायच्या नाहीत. टिरफोरचा पट्टा अडकलेल्या झाडाच्या कापलेल्या बुडाला बांधून ते बूड पडण्याच्या दिशेच्या उलट, मागं ओढा. एक-दोन मीटर सरकलं की शेंडा बहुतेक सुटतो. नाहीच सुटला तर बुंध्याला पट्टा गुंडाळून बाजूनं ओढा, म्हणजे झाड गोल फिरतं. अर्धवट सोडून जेवायला जायची वेळ आली तर दोरी लावून चौफेर वाट बंद करा. त्या वाटेनं गुरं आणि शाळेची पोरं जातात.

झाड जमिनीवर आल्यावर आधी वायरचा ताण सोडा, मगच क्लिपा काढा. विहिरीच्या काठावरचा बुडखा लगेच उपटू नका, त्याच्या मुळ्यांनी काठाची माती धरलेली असते.