निकालाच्या मोसमात गावी जाताना

आमच्या वाडीतून मे महिन्यात फोन आला की एका दमात दोन बातम्या येतात: पोरगी पास झाली, आणि आंबे संपत आले. दोन्हींचा अर्थ एकच, लवकर ये. मी डोंबिवलीत राहतो, घर कुडाळ तालुक्यात. गेली काही वर्षं दहावी, बारावी किंवा पदवीचं कुणी ना कुणी घरात असतंच, त्यामुळे या मोसमातल्या फेऱ्यांत चुका भरपूर करून झाल्या आहेत. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहितो.

आधी विचारा, नेमकं काय आहे?

दहावी-बारावीचे निकाल हल्ली मे महिन्यात लागतात. 2025 मध्ये बारावीचा 5 मेला लागला, दहावीचा 13 मेला. पदवीचं तसं नाही. शेवटच्या सत्राची परीक्षा उन्हाळ्यात संपते, निकाल बहुधा पावसात येतो आणि समारंभ त्याच्याही नंतर. तेव्हा 'तिचं ग्रॅज्युएशन झालं' असं काकूने सांगितलं तर त्यात पेपर संपले, निकाल लागला की पदवीदान आहे, हे विचारून घ्या. मी विचारलं नव्हतं. व्हॉट्सॲपवर आलेली समारंभाची पत्रिका बघून शाल, पेढे घेऊन पोचलो, तर पत्रिका गेल्या वर्षीची निघाली. पुतणी अंगणात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडत बसली होती. शाल आजीला दिली.

समारंभालाच जायचं असेल तर ती वेगळी फेरी धरा. एका घरातल्या किती माणसांना आत सोडतात, हे मुलीकडून विचारून घ्या.

तिकीट: जायचं आणि यायचं, दोन्ही

रेल्वेचं आगाऊ आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी सुरू होतं. 20 मेला निघायचं तर खिडकी 21 मार्चला सकाळी 8 वाजता उघडते. कोकणकन्या, तुतारी, मांडवी या गाड्या मे महिन्यात बघता बघता भरतात. परतीचं सगळे विसरतात. 1 जूनला निघणाऱ्यांसाठी तो दिवस 2 एप्रिल. दोन्ही तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा. निकालाची तारीख मार्चमध्ये कुणालाच ठाऊक नसते, म्हणून तिच्या मागे लागू नका. मी मेचा शेवटचा आठवडा धरतो. दहावी-बारावीचं तोवर आटोपलेलं असतं, आंबाही थोडा शिल्लक असतो.

आरक्षण हुकलं तर सकाळची दिवा-सावंतवाडी आहे. छोट्या स्थानकांवरही थांबते, वेळ खाते, पण पोचवते. एसटीत महिलांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत, त्यामुळे आई-आजी सोबत असतील तर लाल गाडीचा हिशोब एकदा करून बघा. जूनच्या मध्याच्या सुमारास कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागतं, गाड्या सावकाश धावतात आणि वेळा बदलतात. मुक्काम लांबला तर परतीची वेळ पुन्हा तपासा.

स्टेशन ते घर हा शेवटचा टप्पा सगळ्यात फसवा. आमच्याकडे बरीच स्थानकं वस्तीपासून लांब आहेत आणि रात्री मुक्कामाला जाणारी एसटी संध्याकाळी एकदाच गावात जाते. वाडीतल्या रिक्षावाल्याला आदल्या दिवशी फोन करा.

काय न्यायचं

केक नेऊ नका. क्रीमचा केक आणि मे महिन्यातला जनरल डबा यांचं जमत नाही. खारी, बटर, फरसाण, आजीच्या गोळ्या एवढं पुरतं. मुलीला द्यायचं ते पाकिटात, रोख, आणि तिच्याच हातात. पुढच्या शिक्षणाला ती बाहेर जाणार असेल तर खोलीच्या डिपॉझिटला ते उपयोगी पडतं. पंगतीत बसून 'तुला लॅपटॉप घेऊन देतो' असं जाहीर करू नका. घरात आणखी पोरं असतात आणि त्यांचं सगळं लक्ष तुमच्याकडेच असतं.

पोचल्यावर: आधी काम, मग कौतुक

मेचा शेवट म्हणजे आगोटीची, पावसाआधीच्या तयारीची घाई. घर शाकारायचं असतं, लाकडं आत घ्यायची असतात, मसाला कुटून आणायचा असतो, आमसुलांना पुटं द्यायची असतात. रातांब्याची सालं मिठाच्या रसात बुडवायची आणि उन्हात घालायची, असं चार-पाच दिवस चालतं. मध्येच वळवाचा पाऊस आला तर सगळं उचलून धावायचं. या गडबडीत पाहुण्यासारखे झोपाळ्यावर बसलात तर चहा मिळेल, गप्पा मिळणार नाहीत. मला पुतणीचं मन कळलं ते आमसुलं उलटताना. हात कामात असले की पोरं बोलतात. 'पुढे काय?' विचारायची वेळच आली नाही, तिनेच सांगितलं की एमएस्सी करायची नाही, नोकरी बघायची आहे, आणि हे बाबांना अजून ठाऊक नाही.

मासे खायचे तर मेमध्येच खाऊन घ्या. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, मग सुक्यावर भागवायचं.

एक संध्याकाळ कागदांसाठी

शहरातून आलेल्या माणसाचा खरा उपयोग इथे आहे. मार्कशीट, आधार आणि शाळा सोडल्याचा दाखला शेजारी मांडून नावाचं स्पेलिंग जुळवा, आईच्या नावासकट. एका अक्षराचा फरक पुढे महिनोन्महिने हेलपाटे घालायला लावतो. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर, यातलं काय आहे आणि कशाची मुदत संपली आहे याची यादी करा. हे दाखले सेतू केंद्रात गेल्या गेल्या मिळत नाहीत, आणि प्रवेशाच्या दिवसांत तिथे रांग असते. डिजिलॉकर उघडून द्या, पण पासवर्ड मुलीलाच ठेवू द्या.

दुसऱ्या घरीही जा

दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो. 2025 ला दहावीचा निकाल 98.82 टक्के होता. अभिमान आहेच. पण जिथे जवळजवळ सगळे पास होतात, तिथे राहिलेल्या एकट्या पोराला तोंड लपवायला जागा उरत नाही. तसं पोर प्रत्येक वाडीत असतं, नाहीतर पदवीला एटीकेटी लागलेलं, म्हणजे एखाददुसरा विषय राहिलेलं तरी. मुंबईहून आलेला माणूस पेढे घेऊन त्याच्या दारावरून पुढे गेला, हे त्याच्या आईला दिसतं. त्या घरी जा. पेढे न्या, पण निकालाचे म्हणून देऊ नका, मुंबईचे म्हणून द्या. पुरवणी परीक्षेचा अर्ज भरायचा राहिला आहे का, ते पोराला बाजूला घेऊन विचारा. दहावी-बारावीची ही परीक्षा जून-जुलैच्या सुमाराला होते आणि अर्जाची मुदत थोडीच असते. सल्ला देऊ नका, तो सगळ्यांनी दिलेला असतो.

देवाचं

नारळ ठेवायला ग्रामदेवतेकडे जायचंच असतं. कोणत्या दिवशी, कोण गाऱ्हाणं घालणार, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं घालणार, हे मोठ्यांना विचारूनच ठरवा. मानपानाच्या गोष्टी मुंबईहून ठरवायच्या नसतात. गेल्या वर्षी 'बा देवा म्हाराजा' सुरू व्हायच्या आधी काका गाऱ्हाणं घालणाऱ्या गावकाराच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, 'दोघांचीय नावां घे.' दुसरं नाव शेजारच्या एटीकेटीवाल्याचं होतं. 'व्हय म्हाराजा' सगळ्यांनी म्हटलं. तो मागे खांबाला टेकून उभा होता.

परतताना

आंबे अर्धवट पिकलेले घ्या, पेंढ्यात भरा, पेटी सीटखाली आडवी सरकवा. कोकम आगळाची बाटली दोन पिशव्यांत गुंडाळा, तिचं बूच कधीच नीट बसत नाही. काकू पिकलेला फणस देईल आणि तुम्ही नाही म्हणू शकणार नाही. तो घरीच फोडून नुसते गरे डब्यात भरून घ्या, नाहीतर कुडाळपासून दिव्यापर्यंत अख्खा डबा तुमच्या नावाने ओरडेल.