मुंबईत बसून बर्फाचं अवजार निवडताना आधी रिव्हर्स गिअर विचारा

मी बर्फ डोळ्यांनी पाहिला तोवर ट्रॅक्टरला जोडून बर्फ काढायची अवजारं सुचवण्याच्या कामात माझी तीन वर्षं गेली होती. ऑफिस अंधेरी पूर्वेला. सप्टेंबर सरत आला की कॅनडातून आणि अमेरिकेच्या उत्तरेकडून चौकशा सुरू होतात, तेव्हा इथे ऑक्टोबरच्या उकाड्यानं शर्ट पाठीला चिकटलेला असतो. मुंबईचं आजवरचं नीचांकी तापमान ७.४ अंश, तेही २२ जानेवारी १९६२ चं. अशा शहरात वाढलेल्या मुलानं उणे वीसमध्ये अंगण मोकळं करणाऱ्या शेतकऱ्याला सल्ला द्यायचा, याचं दडपण मला पहिल्या दिवशी होतं आणि आजही पूर्ण गेलेलं नाही. तुम्ही या टेबलावर नवीन असाल तर तुम्हालाही ते येईल. तुम्हाला ठाऊक असेलच, तरी सांगतो : पीटीओ म्हणजे इंजिनची ताकद अवजाराला देणारा ट्रॅक्टरचा फिरता दांडा, ५४० आरपीएम म्हणजे त्याचे मिनिटाला ५४० फेरे, आणि थ्री-पॉइंट लिंकेज म्हणजे अवजार ट्रॅक्टरच्या मागे तीन ठिकाणी अडकवायची जोडणी.

आधी बर्फाच्या वजनाचा अंदाज घ्या, कारण फोटोत ते दिसत नाही. नुकताच पडलेला भुसभुशीत बर्फ घनमीटरला साधारण ५० ते १०० किलो भरतो. तोच बसला, वाऱ्यानं दाबला गेला किंवा ओला झाला की २०० ते ३०० किलोवर जातो. शेतकऱ्याचा घरापासून रस्त्यापर्यंतचा १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद पट्टा घ्या, त्यावर ३० सेंटिमीटर बर्फ. ९० घनमीटर झाले. ताजा असेल तर ९ टनांपर्यंत, बसलेला असेल तर २७ टनांपर्यंत. फोटो दोन्ही वेळा सारखाच पांढरा.

मग दुसरा प्रश्न : हा बर्फ जाणार कुठे? ट्रॅक्टरच्या मागे लावलेल्या ब्लेडनं, म्हणजे रुंद पात्यानं, तो कडेला सरकतो. ब्लेड स्वस्त, काम झटपट आणि बिघडण्यासारखं त्यात फार काही नसतं. पण सरकवलेला बर्फ कडेलाच साठतो. डिसेंबरात ३ मीटरचा असलेला रस्ता दोन्ही बाजूंचे बांध वाढत गेल्यानं फेब्रुवारीत ट्रॅक्टरपुरताही उरत नाही. लोडर असेल तर बादलीनं उचलून दूर टाकता येतो, मात्र वेळ फार जातो. ब्लोअर बर्फ उचलून लांब फेकतो, म्हणून जिथे खूप पडतो आणि साठवायला जागा नाही, तिथे तोच लागतो. हे इथवर कुणीही सांगेल.

माझी चूक यापुढे झाली. कॅनडातल्या क्युबेकमधल्या एका शेतकऱ्याला मी मागे लावायचा दोन टप्प्यांचा ब्लोअर सुचवला. त्यात पुढचा ऑगर, म्हणजे फिरता मळसूत्री दांडा, बर्फ आत ओढतो आणि मागचा पंखा तो चूटमधून, म्हणजे वरच्या नळकांड्यातून, फेकतो. पीटीओवर मिळणारी ताकद पुरेशी होती, अवजार जोडायच्या पिना जुळत होत्या, रुंदी मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडांपेक्षा जास्त होती. मी हॉर्सपॉवरचा तक्ता तीनदा तपासला होता. पहिल्याच मोठ्या बर्फात त्याचा मेल आला : चूट दर दहा-बारा मीटरला तुंबते, ट्रॅक्टर थांबतो, मी या यंत्राचं काय करू?

माझ्या डोक्यात माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर होता. रोटाव्हेटर मागे असतो, ट्रॅक्टर पुढे जातो, लहान गिअर टाकला की काम भागतं. मागे लावलेला साधा ब्लोअर मात्र ट्रॅक्टर उलटा चालवूनच वापरतात, कारण त्याचं तोंड मागे असतं. म्हणजे तुम्ही पाहायचा वेग पुढचा नाही, रिव्हर्सचा. त्याचा ट्रॅक्टर आपल्याकडे सर्रास असतो तसा ८ पुढचे, २ मागचे गिअर असलेला. पुढचा सर्वांत लहान गिअर छान हळू होता. रिव्हर्सचा सर्वांत लहान गिअर पीटीओच्या पूर्ण आरपीएमवर ताशी साडेतीन किलोमीटरच्या आसपास धावत होता.

याचा हिशेब मी नंतर एका रात्री चर्चगेटहून बोरिवलीला जाताना वहीत केला, तो तुम्ही आधीच करा. ब्लोअर दीड मीटर रुंद, बर्फ ३० सेंटिमीटर, वेग ताशी ३.६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १ मीटर. सेकंदाला ०.४५ घनमीटर बर्फ तोंडात येतो. घनमीटरला २०० किलो धरले तर सेकंदाला ९० किलो. तासाला ३२४ टन! ३०-३५ हॉर्सपॉवरच्या पीटीओवर तो पंखा हे फेकूच शकत नाही. वेग पाव केला, ताशी ०.९ किलोमीटर, तर सेकंदाला साडेबावीस किलो येतात आणि पंख्याला श्वास घेता येतो.

“मग रेस कमी कर ना,” असं वाटेल. मलाही वाटलं होतं, मी तसं लिहूनही पाठवलं होतं, आणि त्या मेलची लाज अजून जात नाही. रेस कमी केली की पीटीओही मंदावतो, पंख्याचा जोर जातो आणि चूट आणखी लवकर तुंबते. “क्लच दाबून अडखळत जा,” हेही चालत नाही. साध्या सिंगल क्लचमध्ये पेडल दाबलं की चाकांबरोबर पीटीओही थांबतो, आणि नेमका बर्फ तोंडात असताना पंखा बंद पडतो. ड्युअल क्लच असेल तर अर्ध्या पेडलवर चाकं थांबतात आणि पीटीओ फिरत राहतो. स्वतंत्र पीटीओ असेल तर प्रश्नच नाही. हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चाकं चालवणाऱ्या, ट्रॅक्टरात पेडलनं हवा तितका हळू वेग दोन्ही दिशांना मिळतो, म्हणून ब्लोअरवाले लोक तोच मागतात. मी त्याच्याकडून गिअरबॉक्सची माहिती मागवलीच नव्हती. हॉर्सपॉवर मागवली होती.

हॉर्सपॉवरचा तक्ता हा या धंद्यातला सर्वांत वाईट शॉर्टकट आहे, असं माझं ठाम मत आहे. तक्ता उत्तर देतो आणि प्रश्न संपल्यासारखं वाटतं. माझा त्या वेळचा वरिष्ठ प्रत्येक चौकशीला पाच मिनिटांत उत्तर द्यायचा, आणि मी त्याच्यासारखं व्हायला पाहत होतो. खरं शिकवलं ते भांडुपच्या एका वर्कशॉपमधल्या काकांनी. त्यांनीही बर्फ पाहिला नव्हता. पण माझी तक्रार ऐकून त्यांनी विचारलं, “हे चालतं कुठल्या दिशेला?” गुरू निवडायचा तर असा निवडा, जो उत्तराआधी यंत्राची दिशा विचारतो.

घाबरू नका. हे शिकायला बर्फात राहावं लागत नाही. मी ज्याला चुकीचा सल्ला दिला तो शेतकरी आजही माझ्याशी बोलतो. ब्लोअर परत घेतला, मागचं ब्लेड दिलं, आणि त्याच्या मोकळ्या शेताकडेला बर्फ ढकलायला भरपूर जागा होती. मी ती जागा विचारली असती तर ब्लोअरचा विषयच निघाला नसता.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. थ्री-पॉइंट लिंकेजचे ठरलेले आकार असतात : कॅटेगरी १ च्या खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या, कॅटेगरी २ च्या २८ च्या. शेतकऱ्याला मोजायला लावा, आठवणीवर विसंबू नका. खडीचा रस्ता असेल तर स्किड शू, म्हणजे ब्लोअरला जमिनीपासून उचलून धरणारे तळाचे घसरते पाय, असे लावायला सांगा की ब्लोअर थोडा उंच राहील, नाहीतर ब्लोअर खडी फेकेल आणि ती खिडकीवर जाईल. आपल्याकडे नांगरटीआधी चाकात पाणी भरतात, तिथे तेच पाणी गोठतं. वजन हवं तर न गोठणारा द्राव किंवा लोखंडी वजनं, आणि पकडीसाठी साखळ्या. शिअर बोल्टची, म्हणजे जोर वाढला की मुद्दाम आधी तुटणाऱ्या बोल्टची, जादा पाकिटं ऑर्डरमध्येच घाला आणि त्याजागी कडक बोल्ट टाकू नये हे लिहून द्या, कारण बोल्ट तुटला नाही तर गिअरबॉक्स तुटतो. तुंबलेल्या चूटमध्ये हात घालायचा नाही. इंजिन बंद, चावी खिशात, सगळं फिरायचं थांबलेलं, मगच लाकडी दांडकं. हे वाक्य प्रत्येक मेलमध्ये हवं. ग्राहक कंटाळला तरी चालेल.

आणि वेगाची माहिती कागदावर मिळत नसेल तर फोन करा. आपल्या संध्याकाळी साडेसातला क्युबेकमध्ये हिवाळ्यात सकाळचे नऊ वाजलेले असतात. बर्फ पडण्याआधी, कोरड्या सपाट अंगणात, अवजार न लावता, पीटीओ ५४० फिरेल इतकी रेस ठेवून सर्वांत लहान रिव्हर्समध्ये १० मीटर जायला सांगा आणि सेकंद मोजायला सांगा. चाळीसच्या आसपास लागले तर ब्लोअरचं बोलणं पुढे न्या. दहा-बारा लागले तर ब्लेडच्या किमती पाठवा.